मलेशियाखालची ओळ

माझ्या सातव्या इंचावरच्या तीन बारीक रेघा पुसल्या आहेत. तिथे मालतीबाईंचा अंगठा असायचा. मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पट्टी आहे. गुलबर्ग्याला संख्याशास्त्र शिकवणाऱ्या नरहररावांनी, म्हणजे मालतीबाईंच्या यजमानांनी, मला नोकरीच्या पहिल्या वर्षी विकत घेतले. रेघा मी फारशा मारल्या नाहीत. छापील तक्त्यातल्या ओळीखाली मला धरायचे, म्हणजे वाचणाऱ्याची नजर घसरत नाही. हेच काम मी तीस वर्षे केले.

सर्वांत मोठा तक्ता त्यांच्या मुलीचा, संपदाचा होता. चौऱ्याऐंशी देश. संशोधनावर खर्च किती, मुले किती वर्षे शिकतात, पेटंट किती निघतात. देशात नवे शोध कशामुळे वाढतात, हे तिला आकड्यांवरून शोधायचे होते. देशांची नावे संगणकात आधीच भरलेली होती; मालतीबाई नुसते आकडे वाचत आणि संपदा ते ओळीने भरत असे.

"तुरीचे भाव सांगायलीस की काय?" नरहरराव चिडवत.

"मग तुम्हीच वाचा की," म्हणून त्या पुढची ओळ घेत.

पेटंटच्या रकान्यात लक्झेंबर्ग झाल्यावर त्यांनी माझ्या टोकाने पाठ खाजवली आणि मला परत ठेवले. एक ओळ खाली. मलेशियासमोर माल्टाचा आकडा गेला, आणि पुढे सगळे तसेच. शेवटच्या देशाला आकडा उरला नाही. तो छापायचा राहिला असेल, असे दोघींनी धरले. मला कळले होते, पण पट्टीला बोलता येत नाही.

संशोधनावर खर्च वाढवूनही शोध वाढत नाहीत, असा निष्कर्ष निघाला. त्याचे कौतुक झाले. त्याच वर्षी मालतीबाई गेल्या. संपदाने प्रबंध विद्यापीठात दिला. पहिल्या पानावर लिहिले, 'आकडे वाचणाऱ्या आईस'. मी खणात गेले. पाल हाकलायची असली की तेवढी बाहेर यायचे.

आठ महिन्यांपूर्वी तिने तक्ता पुन्हा तपासायला घेतला. मलेशियापाशी मला तीनदा मागेपुढे सरकवले. आकडे दुरुस्त करून गणित पुन्हा केले, तेव्हा निष्कर्ष उरला नाही. ती रडली नाही. मला पुसून टेबलावर ठेवले आणि कोणालाच काही सांगितले नाही. तोंडी परीक्षेची तारीख आली का, असे नरहरराव रोज विचारत. ती नाही म्हणे आणि भाजी चिरायला बसे.

मित्रांनो, वस्तू जपून वापराच. पण उचललेली पट्टी परत ठेवताना ओळही पाहा. माझे एवढेच मागणे आहे.

काल तारीख आली. येत्या सोमवारची. नरहरराव प्रबंधाचे पहिले पान उघडून बसले होते.

"अक्का, त्या दिवशी तुझी आई पाहिजे होती गं," ते लेकीला म्हणाले.

संपदा त्यांच्यासमोर बसली.

"अप्पा, मलेशियापासून खाली आईची ओळ चुकलीय. मी प्रबंध मागे घ्यायलेय."