अकरातले आठ

ठिपके. वाटोळे, लहानमोठे, पानभर सांडलेले — आणि त्यांच्यात आकडा असायला हवा तिथे नुसता पिवळट करडेपणा. चौऱ्याहत्तर... बाईंना तो दिसत नव्हता, आठवत होता. आणि आठवत असल्यामुळे दिसल्यासारखा वाटत होता. रंगांधळेपणा तपासायचं, रंगपरीक्षेचं जुनं पुस्तक. कपाटाच्या तळाशी, मोडक्या होकायंत्राखाली त्यांनी स्वतःच्या हातानं सारलेलं. इतकी वर्षं आपण हे विसरलो कसे? विसरलो कुठे... फक्त वर काढलं नाही.

"त्याला तांबडी चिठ्ठी लावा नि मोकळ्या व्हा, बाई," भांडारपाल दारातून म्हणाले. "चारला ट्रक निघायचाय. ह्या गतीनं आपल्या दोघांनाच चिठ्ठ्या लावून पाठवावं लागेल."

"तुम्हाला कुठली?"

"तांबडीच. मला मुख्यालयात कोण घेतंय!"

तांबडी म्हणजे भंगार, हिरवी म्हणजे मुख्यालयात. नौदलासाठी मुलं घडवायला काढलेली ही निवासी शाळा दोन चिठ्ठ्यांत संपत होती. एके काळी मैदानातल्या डोलकाठीखाली पहाटे तीनशे मुलं उभी राहत, नावानं नव्हे, नंबरानं हजेरी देत. मग नौदलानं थेट परीक्षेनं भरती सुरू केली, तीनशेचे नव्वद झाले, नव्वदाचे एकोणीस. आणि उन्हाळ्यात दोन ओळींचं पत्र आलं. ते वाचून बाईंना दुःख झालं नव्हतं. सुटल्यासारखं वाटलं होतं, आणि त्याचीच लाज वाटली होती.

भंगाराचा माणूस पेट्या उचलायला आत आला. तिशी ओलांडलेला, रुंद खांद्यांचा. पेटीपाशी वाकला, चिठ्ठीकडे पाहिलं आणि विचारलं, "ही तांबडी ना, बाई?"

"हो."

"आणि ही हिरवी? म्हणजे हात लावायचा नाही."

"हो."

प्रत्येक पेटीला तेच. तेरा पेट्या, तेरा प्रश्न, तेराही बरोबर. बाईंनी मोजले, मोजणं हा त्यांचा श्वास होता. नुसत्या अंदाजानं तेरा बरोबर येण्याची शक्यता आठ हजारांत एक — पण गडद तांबडा आणि गडद हिरवा तर दोष असलेल्यालाही उजळपणावरून कळतो, यावरून काही सिद्ध होत नाही...

"विचारतोस कशाला? बरोबर तर सांगतोयस."

तो हसला. "डोळ्यांचा भरवसा नाही. तुम्हीच सांगितलंत ना. ओळखलं नाहीत? मी सत्तावीस."

सत्तावीस.

त्या वर्षी सुट्टीत छत गळलं, पुस्तक भिजलं, आणि बाईंनी ते दक्षिणेच्या सज्ज्यावर वाळत ठेवलं. आणि विसरल्या. सहा आठवडे. ऊन कागद सुकवतं तसा रंगही खातं, हे वर्गात शिकवणारी मी — मला ते फिकं दिसलं कसं नाही? कारण मी ठिपके पाहतच नव्हते. आकडे मला पाठ होते. नव्या चाळीस मुलांपैकी अकरा नापास झाली. शंभर मुलग्यांत आठांना हा दोष असतो, म्हणजे चाळिसात तीन. आठवडाभरानं त्यांनी ती वजाबाकी केली, तोवर अकरा ट्रंका फाटकाबाहेर गेल्या होत्या. त्यांनी नवं पुस्तक मागवलं. कारण लिहिलं, 'जुने जीर्ण'. खोटं नव्हतं ते. अकरातले आठ... पण कुठले आठ, हे कुठे माहीत होतं? नाव नसलेल्या माणसाला पत्र कसं लिहायचं? हा प्रश्न त्यांनी बावीस वर्षं उत्तरासारखा वापरला होता.

"घरी... सगळी बरी आहेत?"

"मजेत. शर्ट बायको निवडते. ट्रक हाकायला माणूस ठेवलाय, सिग्नलची जोखीम नको." त्यानं पेटी खांद्यावर घेतली, पुन्हा खाली ठेवली. "आई गेली परवाच्या वर्षी. तिचे मात्र हाल झाले हो. तुम्ही वडिलांना म्हणाला होतात ना, हा दोष आईकडून येतो? झालं. भाजी करपली तरी तेच — तूच पोराचं जहाज बुडवलंस. शेवटी शेवटी तीच म्हणायची, माझंच रक्त खोटं." तो पुन्हा हसला, सवयीनं.

बाईंना तो दिवस आठवला. टोपी हातात धरून उभे असलेले वडील, आणि आपला स्वच्छ, शास्त्रशुद्ध आवाज. वाक्य बरोबर होतं. अजूनही बरोबर आहे.

त्यांनी कपाट उघडलं. वरच्या फळीवर नवं पुस्तक, काळ्या कापडात गुंडाळलेलं, एकही दिवस ऊन न पाहिलेलं.

"इथे उभा राहा. उत्तरेच्या खिडकीपाशी."

"आता कशाला, बाई? पुन्हा अब्रू काढताय का?" पण तो आला. पँटला हात पुसले, पाठीमागे बांधले; हे सांगावं लागलं नाही.

पहिलं पान.

"सहा ना?"

दुसरं. "सत्तेचाळीस ना?"

तिसरं, चौथं. बाई ठिपक्यांकडे पाहत नव्हत्या, त्याच्या ओठांकडे पाहत होत्या. सातव्या पानाला तो थांबला, आणि त्यांच्या मनात काहीतरी हलकं होऊन वर आलं — चुकू दे. तिघांतला असू दे हा. ती इच्छा त्यांना स्पष्ट दिसली, काचपट्टीवरच्या जंतूसारखी, आणि डोळा बाजूला करता आला नाही.

"पंधरा," तो म्हणाला. यापुढे 'ना' नव्हता. पानं उलटत गेली, आकडे येत गेले, शेवटचे तर बाईंनी पान पुरतं उघडण्याआधी.

पुस्तक मिटलं. खाली ट्रकचं इंजिन सुरू झालं. भांडारपाल कुणावर तरी ओरडले.

"किती चुकले?" त्यानं विचारलं. बावीस वर्षांपूर्वी याच शब्दांत, इथेच विचारलं होतं. तेव्हा उत्तर द्यायला बाईंना क्षणही लागला नव्हता.

आताही उत्तर तयार होतं. एकही नाही. पण त्यापाठोपाठ सज्जा यायचा, सहा आठवडे यायचे, ती वजाबाकी यायची; आणि मग हा माणूस घरी जाऊन कुणाला सांगणार? इतकी वर्षं आठ हा नुसता आकडा होता — कोरडा, बिनचेहऱ्याचा, जवळ बाळगता येण्याजोगा. आता त्याच्या जागी, कधीही न पाहिलेल्या स्वयंपाकघरात, करपलेल्या भाजीसमोर त्याची आई मान खाली घालून उभी होती.

तो हात मागे बांधून वाट पाहत होता. बाईंनी तोंड उघडलं... त्या आईच्या मागे, रांगेत, आणखी सात आया उभ्या होत्या.