आईदगडाचा स्पर्श

चंग योंगशींनी सुई पुन्हा एकदा दगडावरून ओढली, एकाच दिशेने, आदबीने, आणि वाटीतल्या पाण्यावर तरंगणाऱ्या बुचावर ठेवली. सुई फिरली नाही. वाळल्या काडीसारखी ठेवली तशीच पडून राहिली.

"बाबा, अजून दार लावूनच?" बाहेरून सून लान्यूनने हाक मारली. "थांग गुरुजी यायची वेळ झाली. भात निवून गेला की!"

हुईझोऊच्या डोंगराळ मुलखात भूमिपरीक्षा करणारे गुरुजी चंग घराण्याचेच होकायंत्र मागत, कारण त्याची सुई आईदगडाच्या स्पर्शाने जागी होई. आई लेकराला ओढते तसा तो लोखंडाला ओढतो, म्हणून ते नाव. स्पर्शविधी बंद खोलीत घरधन्याने करायचा. एरवी दगडाला लोखंडाचा कीस 'भरवून' पेटीत निजवायचे. यंदा दमट हवेत पेटीला बुरशी धरू लागली, तेव्हा योंगशींनी ती निखाऱ्यांच्या शेगडीवर बसायच्या आसनाखालच्या फळीवर ठेवली आणि आसनावर बसल्याबसल्या त्यांना डुलकी लागली. फळी जळाली, पेटी निखाऱ्यांत कोसळली. दगड बाहेर काढला तेव्हा लालबुंद होता. ही गोष्ट त्यांनी कोणाला सांगितली नव्हती. थांग गुरुजींचे यंत्र मात्र आजच द्यायचे होते.

त्यांनी दार उघडले. सुनेने एकदा वाटीकडे पाहिले, एकदा काळवंडलेल्या दगडाकडे.

"भाजला ना?"

"तुला कोणी सांगितलं?"

"वास सांगतो, बाबा. फार तापला की चुंबक मरतो. शाळेत पोरांना हेच तर शिकवते मी. आत सगळे कण एका तोंडाने रांगेत उभे असतात; आग लागली की गर्दी उधळते."

"म्हणजे आईला मीच मारलं म्हण."

लान्यूनने शाळेची पिशवी आणून तांब्याची, लाखेचा लेप दिलेली तार काढली, टोकांची लाख खरवडली आणि तारेचे दाट वेढे एका खिळ्यावर घालून टोके बॅटरीला लावली. खिळ्याने टाचण्यांचा झुबका उचलला. एक टोक सोडताच टाचण्या टपटप खाली पडल्या.

"हा तर भाड्याचा जोर," योंगशी म्हणाले.

"खिळा मऊ लोखंडाचा आहे ना, म्हणून. वीज आहे तोवर चुंबक, गेली की नुसता खिळा. तुमची सुई पोलादी. ती धरून ठेवेल."

खिळा काढून तिने वेढ्यांच्या पोकळीत सुई सरकवली, क्षणभर वीज दिली आणि सुई बुचावर ठेवली. सुई थरथरली, वळली आणि तिचे टोक उत्तरेला स्थिरावले.

योंगशी पहिल्यांदाच हसले. "वा, मास्तरीणबाई! आपल्या यंत्राचं टोक दक्षिणेला असतं. ही सुई घेऊन गुरुजी गेले तर लोकांची घरं पाठमोरी बांधली जातील!"

"अगं बाई, शाळेच्या होकायंत्राची सवय!" तिने जीभ चावली, बॅटरीची टोके उलटी लावली आणि सुई पुन्हा पोकळीत घातली. या वेळी टोक दक्षिणेला गेले.

"एक सांगू, बाबा? दगडही असाच जागा होईल. शाळेत जाड तारेचं मोठं वेटोळं आहे. कुणाला कळणारसुद्धा नाही."

योंगशींनी दगडावर फडके टाकले. "मला कळेल ना."

सुई तबकडीत बसवून होते न होते तोच थांग गुरुजी आले. त्यांनी यंत्र तळहातावर घेऊन अंगणात हलकेच फिरवले. सुई जरा डोलली आणि तत्काळ जागी आली.

"क्या बात है, चंगदादा! आईदगडाचा हातच न्यारा."

चहा ओतता ओतता लान्यूनने मान खाली घातली. योंगशी उठून उभे राहिले.

"गुरुजी, आईदगड माझ्या हातून जळाला. ही सुई विजेने जागी केली आहे. सुनेने केली."

थांग गुरुजींनी यंत्राकडे पाहिले. "दिशा खरी आहे?"

"तंतोतंत."

"मग बोललात कशाला हो?" त्यांच्या स्वरात राग नव्हता, खंत होती. "आता घर बांधणाऱ्या यजमानाच्या तोंडावर मी खोटं कसं बोलू? तो आईदगडाचंच यंत्र मागतो."

"म्हणूनच बोललो."

गुरुजींनी यंत्र दोन्ही हातांनी परत दिले, वाकून नमस्कार केला आणि चहा न पिताच ते निघाले. दोघांनी त्यांना दारापर्यंत पोहोचवले.

"मी उगाच आणली ती तार," लान्यून पुटपुटली.

"खुळी का तू? सुई उत्तम चालते आहे."

ते कामाच्या पाटावर बसले. गिंकोच्या लाकडाची ती तबकडी त्यांनी पालथी घातली. सुई बसली की पाठीवर घराण्याचे नाव आणि त्याखाली आईदगडाच्या स्पर्शाची ओळ कोरायची, ही या घरची रीत होती. योंगशींनी छिन्नी घेतली आणि नाव सावकाश, एकेक रेघ नीट उतरवीत कोरले. मग फुंकर मारून भुसा उडवला. खालच्या ओळीच्या जागेवरून एकदा अंगठा फिरवला, ती तशीच मोकळी ठेवली, आणि तबकडीला तेल लावायला घेतले.