रिकामी मात्रा

शनिवारची सुट्टी होती, तरी अनुजाचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. शिवाजी पार्कला दोन फेऱ्या मारून ती कट्ट्यावर टेकली, पुन्हा उठली.

परळच्या कंपनीत ती औषधांची माहितीपत्रकं तपासायची. एक्सएमएलच्या फाइलीत प्रत्येक माहितीला स्वतःचा टॅग, म्हणजे नावाची खूण असे, आणि तिचा सहकारी कॉलिननं लिहिलेली स्टाइलशीट ही नियमावली त्यातून छापायचं पान तयार करी. काल तिनं त्याला सांगितलं होतं, "मुलांची मात्रा रिकामी असेल तिथे ठिपके दे. डॉक्टर हातानं लिहितील." फाइल घोडपदेवच्या छापखान्यात गेली. निघताना कॉलिन सहज म्हणाला, "खूप रिकाम्या होत्या गं."

खूप? तिच्या माहितीत जेमतेम दोन-तीन होत्या.

शेवटी तिनं फोन लावला. कॉलिन माझगावला भाचीच्या बाप्तिस्म्याला गेला होता.

"रिकामी म्हणजे तू काय धरलंस रे?"

"मात्रा दिलेली नाही ती. टॅग असला काय, नसला काय."

"अरे देवा! टॅग आहे पण आत काही नाही, ती रिकामी. टॅगच नाही म्हणजे ते औषध मुलांना द्यायचंच नाही!"

पलीकडे बँडचा आवाज मागे पडला; कॉलिन बाहेर आला होता.

"तू रिकामी एवढंच म्हणालीस, अनुजा."

"हो रे, तेवढंच म्हणाले."

छापखान्याचा फोन कुणी उचलेना. ती टॅक्सीनं धावली. आत मशीन धडधडत होतं. फोरमन रमाकांत कानाशी हात नेत म्हणाला, "काय?"

"मशीन थांबवा!"

तिनं वरचाच कागद उचलला. झोपेच्या गोळीचं पत्रक. 'मुलांना देऊ नये' असायला हवं तिथे ठिपक्यांची रेघ.

"यातलं काही बाहेर गेलंय?"

"एक गठ्ठा टेम्पोनं गेला, दुमडणीला."

रमाकांतनं ड्रायव्हरला फोनवर गाठलं. तोवर कॉलिनही सुटाबुटात येऊन पोचला. त्यानं कोट खुंटीला टांगला आणि तिच्याबरोबर गठ्ठे बाजूला काढू लागला. टेम्पो परत आला तेव्हा गठ्ठ्याची सुतळीही सुटलेली नव्हती. सगळा कागद रद्दीत गेला.

"सोमवारी साहेबांना काय सांगायचं?" कॉलिननं विचारलं.

"मी अर्धवट बोलले, तू विचारलं नाहीस. झालं तसंच सांगू."

तो हसला. "घरी चल, केक आहे."

"तू हो पुढे," ती म्हणाली आणि तिथल्याच स्टुलावर बसून, आधीही आपण असंच काही अर्धवट सांगितलं होतं का ते पाहायला, फोनवर मागच्या महिन्याच्या फाइली उघडू लागली.