बंद संडासांचा नकाशा

नकाशाच्या परीक्षेत आमच्या सरांचा एक नियम होता: आपण काढलेला नकाशा टेबलावर ठेवायचा आणि तोंड मिटायचं. सर वर्गाबाहेरून कुणाला तरी बोलावून आणणार, त्या माणसाला एकच प्रश्न विचारणार, आणि त्याने नकाशावर बोट ठेवून उत्तर द्यायचं. आपण मध्ये "अहो, तिकडे नाही, इकडे" म्हटलं की नापास.

"नकाशा भिंतीवर लागल्यावर तुम्ही काही त्याच्या शेजारी उभ्या राहणार नाही," सर मला म्हणायचे.

मी तर राहिले असते. कुणी जिन्याकडे नुसतं वळलं तरी "सावकाश" म्हणणारी बाई मी.

माझा विषय होता, कॉलेज आणि बाजाराच्या भागातले सार्वजनिक संडास. वर्गातली पोरं फिदीफिदी हसली. त्यांनी जंगलं, नद्या, तलाव असले सभ्य विषय घेतले होते. पण त्यांच्या घरी ढमी नव्हती. ढमी म्हणजे माझी तीन वर्षांची मुलगी. तिने "शू" म्हटल्यापासून आपल्या हातात मोजून दोन मिनिटं असतात, आणि बाजारात दोन मिनिटांत काय सापडतं ते मला विचारा.

दोन महिने मी पायी हिंडले. एकोणपन्नास संडास, प्रत्येकात आत जाऊन आले. कडी लागते का, पाणी आहे का, दिवा लागतो का, पिशवी अडकवायला खुंटी आहे का, सगळं मोबाइलमध्ये टिपलं आणि कॉम्प्युटरवर नकाशात भरलं. इतकी माहिती नगरपालिकेकडेही नसेल.

परीक्षेला सरांनी कॉलेजच्या बसचे ड्रायव्हर पकडून आणले.

"तुम्ही पोस्टापाशी आहात," सर त्यांना म्हणाले. "सोबत लहान मूल आहे, त्याला घाईची लागलीय. कुठे जाल?"

ड्रायव्हरकाकांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि सगळ्यात मोठ्या लाल ठिपक्यावर धाडकन बोट ठेवलं. "हे काय, एवढं ठळक दाखवलंय की."

"अहो, तिथे कुत्री व्यालीय!" मी ओरडले.

नापास. एकदा नियमाने, एकदा नकाशाने.

सरांनी नकाशा माझ्याकडे फिरवला. "बाई, जिथे जायला हवं त्या जागा राखाडी, टाचणीच्या डोक्याएवढ्या. आणि जिथे पाऊल टाकू नये त्या लालभडक, बशीएवढ्या. असं का?"

"चांगल्या संडासाबद्दल सांगण्यासारखं काय असतं, सर?"

"हा संडासांचा नकाशा नाही. तुमच्या धास्तीचा आहे. आठ दिवसांनी परत आणा. शेवटची संधी."

शेवटची म्हणजे खरोखर शेवटची. ही हुकली की वर्ष गेलं, आणि पुढच्या वर्षी ढमीला कोण बघणार? सासूबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "एक वर्ष. मग माझे गुडघे आणि मी."

घरी बसले लाल ठिपके खोडायला. प्रत्येक वेळी कॉम्प्युटर विचारायचा, नक्की काढायचं का? माझा हात काही पुढे जाईना. इथे ढमीची चप्पल वाहून गेली. इथे मी दाराला पाय लावून उभी राहिले, कडीच नव्हती. हे सगळं नाहीच झालं म्हणायचं?

सासूबाई स्क्रीनवर वाकल्या. "हे काय, गोवर?"

"आई, हे बंद किंवा घाणेरडे आहेत ते."

"मग ते कशाला दाखवतेस? पाहुणे आले की आपण माळा दाखवतो का?"

"पण मी एवढी हिंडले..."

"फेकू नकोस गं. डब्यात घाल आणि डबा माळ्यावर टाक."

सरांनी एवढ्या महिन्यांत शिकवलेलं मला त्या एका वाक्यात कळलं. अडतीस लाल ठिपके मी एका वेगळ्या लेअरमध्ये, म्हणजे नकाशाच्या वेगळ्या थरात, टाकले, लेअरला 'माळा' नाव दिलं आणि तो दिसेनासा केला. उरले अकरा. ते ठसठशीत हिरवे केले, शेजारी पोस्टापासून किती मिनिटं ते लिहिलं. उत्तर दिशा दाखवायला मी हौसेने मोर काढला होता, तिथे साधा बाण आला. नकाशा इतका रिकामा दिसायला लागला की मलाच कसंतरी झालं.

परीक्षेच्या दिवशी ढमीला नंतर लस टोचायला न्यायचं होतं, म्हणून सासूबाई तिला घेऊन बाहेर व्हरांड्यात बसल्या होत्या. सरांनी या खेपेला लायब्ररीतल्या बाईंना आणलं. प्रश्न तोच.

बाईंचं बोट पोस्टापासून निघालं आणि भलत्याच गल्लीत शिरलं. मी ओठ दातांखाली धरला. तेवढ्यात बाहेरून आवाज आला, "आजी, शू!"

दोन मिनिटं. बोलले तर नापास, बाहेर गेले तर नापास. बोट गल्लीतून परत फिरलं, थांबलं, हिरव्यावर टेकलं.

"हा. पोस्टाच्या मागचा. तीन मिनिटं." मग बाईंनी मान वर केली. "आणि बाजाराच्या या अख्ख्या बाजूला काहीच नाही? छापायचं राहिलं का?"

माझी नजर दाराकडे.

"राहिलं नाही," सर म्हणाले. "तिथे जाण्यासारखा खरंच नाही."

"मी रोज तिथूनच जाते हो," बाई म्हणाल्या. "इतकी वर्षं वाटायचं, मलाच सापडत नाही."

सरांनी सही केली. मी धावत बाहेर आले. बाकावर नुसती पाण्याची बाटली. मग विभागप्रमुखांच्या केबिनचं दार उघडलं आणि आजी-नात ओल्या हातांनी बाहेर आल्या.

"आई! तिथल्या संडासावर 'फक्त विभागप्रमुखांसाठी' अशी पाटी आहे!"

"ढमीला कुठे वाचता येतं? साहेब जागेवर नव्हते. छान आहे हो आतला. कडी, पाणी, साबण, पुसायला टॉवेलसुद्धा."

माझ्या मागे सर उभे होते. गेली सही, म्हटलं.

"खुंटी?" सरांनी विचारलं.

"दोन," सासूबाई म्हणाल्या.

सरांनी नकाशा माझ्या हातात दिला. "मग हा अपुरा आहे. भिंतीवर लावायच्या आधी बारावा ठिपका घाला."

घातला. हिरवा, बाकीच्यांएवढाच.

नकाशा व्हरांड्यात लागल्यापासून साहेब केबिनला कुलूप लावून जेवायला जातात. म्हणजे नियमाने तो ठिपका आता माळ्यावर जायला हवा. मी अजून हलवलेला नाही.