हातभर अंतर

तरण तलावाच्या भिंतीवरचे सहाही नियम पेंटरच्या हातचे होते, आणि त्यातला एकही त्यांनी वाचलेला नव्हता. चाळीस वर्षांत त्यांनी कुठलाच बोर्ड वाचला नाही. वेलांटीचा बाक बघायचा की मजकुराचा अर्थ लावत बसायचं? दोन्ही करू गेलं की ओळ तिरकी जाते.

म्हणून उन्हाळ्याच्या सुटीत सहा वर्षांच्या नातीला, चिमणीला, हवाली करताना लेकीनं बजावलं, "बाबा, पाण्यात तिच्यापासून हातभर अंतरावर राहायचं. आणि हात मोकळा, पेपर धरलेला नाही," तेव्हा पेंटर दुखावले.

"अगं, नियम मी लिहिलेत तिथले!"

"लिहिलेत हो. वाचलेत का?"

लेक बापाला ओळखून होती.

पहिली दहा मिनिटं पेंटर उथळ पाण्याच्या काठावर पाय सोडून इमानानं बसले. चिमणी कमरेला ट्यूब अडकवून डुंबत होती. मग त्यांची नजर भिंतीवर गेली. तिसऱ्या नियमाचा निळा रंग पोपडे धरत होता. पेंटर उठले, चष्मा लावला, नखानं खरवडून पाहिलं. रंगाखालचं अस्तर कच्चं होतं, आणि ते त्यांनीच लावलं होतं.

मागून जीवरक्षक बाईंची कर्कश शिट्टी वाजली.

"बाई, बोर्ड माझाच आहे," पेंटर न वळता म्हणाले.

पाण्यात धप्पकन उडी पडली तेव्हा ते वळले. ट्यूब एकटीच तरंगत होती. बुडणारं माणूस आरडाओरडा करतं अशी त्यांची समजूत होती. इथं किंकाळी नाही, 'आजोबा' अशी हाक नाही. शिट्टीवाल्या बाईंनी चिमणीला वर काढलं. ती खोकली, पाणी ओकली आणि तिनं भोकाड पसरलं. इतकं गोड रडणं पेंटरांनी जन्मात ऐकलं नव्हतं.

बाई रागावल्या नाहीत. एवढंच विचारलं, "आजोबा, हिच्याकडे कोण बघत होतं?"

काठावरच्या सगळ्या आया वळल्या.

"मी," पेंटर म्हणाले. बघत नव्हतो हे वेगळं सांगायची गरज नव्हती.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी छाती तपासली. "आत्ता ठीक आहे. पण आज-उद्या खोकला वाढला, धाप लागली, तर थेट हॉस्पिटल गाठा. हिच्या आईला सांगून ठेवा."

परतताना चिमणीनं त्यांचं बोट ओढलं. "आजोबा, आईला नको सांगूया. ती तुम्हाला ओरडेल."

पेंटरांनी मान डोलावली. एवढीशी पोर आपल्याला पाठीशी घालते, आणि आपल्याला चक्क हायसं वाटतं! त्यांना स्वतःच्या सावलीकडेही बघवेना.

संध्याकाळी लेकीनं विचारलं, "काय, झाली मजा?"

"खूप!" चिमणीनं आजोबांकडे बघून डोळा मारायला घेतला, दोन्ही मिटले. मग ती खोकली.

"सर्दी झाली वाटतं."

"सर्दी नाही," पेंटर म्हणाले, आणि सगळं सांगितलं. पोपडा, शिट्टी आणि 'बोर्ड माझाच आहे'सुद्धा. तिथं मान वर होईना.

लेकीच्या तोंडाचा पट्टा सुटेल याची त्यांनी तयारी ठेवली होती. तो सुटला नाही. तिनं चिमणीला मांडीवर ओढलं, छातीवर हात ठेवून श्वास मोजले आणि बापाकडे न बघता म्हणाली, "डॉक्टरांचा नंबर द्या."

त्यांनी दिला. त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

"मी काही बोलले नव्हते हं!" चिमणी म्हणाली.

"माझ्यासाठी आईपासून लपवायचं नाही, बाळा. कुणासाठीच नाही."

पोटात एकही गुपित न राहणाऱ्या माणसाकडे बघावं, तसं तिनं त्यांच्याकडे पाहिलं आणि तोंड आईच्या कुशीत खुपसलं.