तापलेला फोन आणि झुंबरबाईंची मॅच

भडगावच्या पुढे, गिरणेकाठच्या एका गावात लोटन नाना आणि झुंबरबाई राहतात. केळी आहे, थोडी कपाशी आहे, दोन म्हशी आहेत आणि दोघांत मिळून एक फोन आहे. सकाळी तो नानांचा आणि दुपारनंतर झुंबरबाईंचा, अशी वाटणी कोणी न ठरवता पडून गेली होती.

नाना सकाळी शुभ सकाळचे फोटो जमवायचे. गुलाब, वाफाळता चहा, उगवता सूर्य, आणि वारानुसार देव. आलेला फोटो पुढे पाठवायचा आणि जपूनही ठेवायचा, असा त्यांचा नेम होता.

झुंबरबाई दुपारी बंदुकांचा गेम खेळायच्या. दिवाळीला माहेरी आलेल्या भाविकाने, त्यांच्या लेकीने, तो गंमत म्हणून शिकवला होता. विमानातून बेटावर उडी मारायची, बंदूक शोधायची आणि शेवटपर्यंत जिवंत राहायचं. भाविका पुण्याला परत गेली आणि गेम विसरली. झुंबरबाई विसरल्या नाहीत. कपाशी वेचून वेचून त्यांची बोटं अशी हलकी झाली होती की समोरचा बंदूक उचलेपर्यंत आडवा व्हायचा.

खेळताना त्यांची जोडी जमली धुळ्याच्या जीनतशी. ती घरी बायकांचे कपडे शिवायची आणि शिलाई मशीन थांबवून खेळायची. दोघींनी एकमेकींना पाहिलेलं नव्हतं, पण आवाज ओळखीचा झाला होता.

"अक्का, मागून एक येतोय," जीनत सांगायची.

"येऊ दे. मी भितीमांगे शे," झुंबरबाई भिंतीआड दबा धरून शांतपणे म्हणायच्या.

मे महिना लागला आणि फोन रुसला. ऊन असं की पत्र्यावरची कावळ्यांची जोडी पाय बदलत उभी राहायची. गेम सुरू केला की थोड्याच वेळात फोन तव्यासारखा तापायचा, चित्र अडखळायचं, आणि ऐन लढाईत पडद्यावर यायचं, 'फोन गरम झाला आहे, थंड होऊ द्या.' झुंबरबाईंनी त्याला ओल्या फडक्यात गुंडाळलं, माठाला टेकवून ठेवलं, शेवटी फ्रीजमध्ये दह्याच्या भांड्याशेजारी झोपवलं.

नेमका तेव्हाच व्याह्यांचा फोन आला. घरभर शोधाशोध झाली. नानांनी आवाजाचा माग काढत फ्रीज उघडला आणि फोन कानाला लावला. कान असा गारठला की ते ओरडले.

"काय झालं नाना? कुठे आहात?" व्याह्यांनी घाबरून विचारलं.

"फ्रीजमध्ये होतो," नाना म्हणाले. त्यांना फोन म्हणायचं होतं. व्याह्यांनी लगेच भाविकाला फोन लावला.

संध्याकाळपर्यंत कॅमेऱ्यात धुकं धरलं. दुसऱ्या दिवशी दोघं भडगावला दानिशच्या मोबाईल दुकानात गेले. दानिशने फोन उघडून आतला ओलावा पुसला.

"अक्का, फ्रीजमध्ये ठेवला की आत दव धरतं. असं करू नका. ओलं काही लावू नका, आणि गारव्यातून बाहेर आणलाच तर पिशवीत घट्ट बांधून आणा. खेळताना मागचं कव्हर काढा, चार्जिंगला लावून खेळू नका, उजेड कमी ठेवा. आणि याच्यात जागाच उरलेली नाही. गेमचा नवा अपडेट येणार नाही. काहीतरी काढावं लागेल."

"बठ्ठा तुम्हनाच फोटो शेतस," सगळा दोष नानांवर टाकत झुंबरबाई म्हणाल्या.

"आनी तुना गेम?"

"तो एकच शे."

घरी येऊन नाना ओसरीवर बसले. गुलाब गेले, चहाचे कप गेले, सूर्य गेले. मग महादेवाचा फोटो आला आणि नानांचा अंगठा हवेतच थांबला. पुढे मारुती, मग गणपती, मग देवी, मग पुन्हा मारुती. सगळी जागा देवांनीच व्यापली होती.

"देवले कोन डिलीट करस? पाप लागी," नाना म्हणाले.

झुंबरबाईंना हे पटलं, तीच खरी पंचाईत होती. रविवारी धुळ्याच्या एका ग्रुपने खान्देशापुरती जोड्यांची स्पर्धा ठेवली होती आणि अपडेटशिवाय खेळता येणार नव्हतं. जीनतचे निरोपांवर निरोप येत होते. झुंबरबाई दोनदा देवघरापर्यंत जाऊन परत आल्या. मग म्हणाल्या, "गणपती आपण ठेवतो का वर्षभर घरात? विसर्जन करतोच ना?"

नानांनी विचार केला आणि टोपी घातली.

दोघं गिरणेवर गेले. मे महिन्याची नदी ती, नुसती वाळूच होती. एका डोहात म्हशी बसलेल्या होत्या. नानांनी पायातले जोडे काढले, वाळू तापलेली म्हणून पुन्हा घातले. फोनला कुंकू लावावं असं त्यांच्या मनात होतं, पण दानिशने ओलं काही लावू नका म्हणून बजावलं होतं, म्हणून फोनवर नुसत्या अक्षता टाकल्या. मग एकेक देव काढून, हात जोडून, "पुढच्या वर्षी लवकर या," म्हणत ते बटण दाबू लागले. मारुतीच्या फोटोंना वेळ लागला. झुंबरबाईंनी मागे उभं राहून टाळ्या वाजवत आरती म्हटली. म्हशी राखणारा पुना लांबून पाहत होता. त्याला काही कळलं नाही, पण आरती ऐकून त्यानेही हात जोडले.

जागा झाली. अपडेट आला. उरली उष्णता.

त्यावर झुंबरबाईंना भाचा आठवला. हितेंद्रचं गावाबाहेर केळीचं शीतगृह आहे. परदेशी जाणारी केळी खोक्यांत भरून त्या थंड खोलीत ठेवतात. रविवारी भर दुपारी झुंबरबाई नानांचा स्वेटर घालून, कानाला मफलर बांधून, गावातून चालत तिकडे निघाल्या. पारावरच्या लोकांनी पत्त्यांचा डाव थांबवला. त्यांना ताप आला असावा असं सगळ्यांचं मत पडलं.

नेट मिळावं म्हणून हितेंद्रने दार बोटभर उघडं ठेवून दिलं. केळीच्या खोक्यांवर बसून झुंबरबाईंनी उडी मारली.

सुरुवातीला फार गर्दी होती. जळगावच्या एका जोडीने त्यांना विहिरीआड कोंडून धरलं. जीनत कुलरपुढे बसून खेळत होती, पण तेवढ्यात धुळ्यात वीज गेली.

"अक्का, माझा फोन जळतोय. हातात धरवत नाही," ती म्हणाली आणि तिचा शिपाई जागच्या जागी थिजला.

झुंबरबाई एकट्या उरल्या. नाक गार पडलं होतं. विहिरीआडून डोकावल्या तर जळगावची जोडीही उभीच. बंदूक रोखलेली, पण गोळी नाही. त्या हळूच पुढे गेल्या. तरीही नाही. मग त्यांच्या लक्षात आलं. भुसावळ असो, वरणगाव असो की चाळीसगाव, सगळ्यांचे फोन तापून बसले होते. बेटभर शिपाई बुजगावण्यांसारखे उभे होते.

"एकेकाले पाडू का?" त्यांनी दाराबाहेर बसलेल्या नानांना विचारलं. उभ्या माणसाला मारणं त्यांना बरं वाटेना.

"आधी माफी माग," नाना म्हणाले.

तसंच झालं. झुंबरबाई प्रत्येकाजवळ जायच्या, "माफ कर रे भाऊ," म्हणायच्या आणि गोळी घालायच्या. शेवटचा पडला तेव्हा त्यांचे दात वाजत होते. दानिशच्या सांगण्याप्रमाणे फोन पिशवीत घट्ट बांधून त्या बाहेर आल्या, म्हणजे दव धरू नये.

बक्षीस घ्यायला दोघं धुळ्याला गेले. आयोजकांनी हार नानांच्या गळ्यात घातला आणि त्यांना चार शब्द बोलायला सांगितलं. नाना बोललेही, केळीवरच्या करपा रोगाविषयी. तेवढ्यात गर्दीतून एक बाई शिलाईची टेप गळ्यात तशीच ठेवून पुढे आली आणि म्हणाली, "हार काढा नाना. आमच्या अक्काचा आहे."

झुंबरबाईंनी आवाज ओळखला. दोघींनी एकमेकींचे हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत.

परतीच्या एसटीत नाना फोनवर फिरणारी झुंबरबाईंची बोटं पाहत होते. पारोळा गेल्यावर म्हणाले, "मालेबी शिकाड."

बक्षिसाच्या पैशातून दुसरा फोन आला आणि आता तिघं खेळतात. नाना विमानातून उतरतात आणि बंदूक न शोधता शेतं पाहत हिंडतात. एवढं मोठं बेट, एवढं पाणी, आणि कोणी केळी का लावली नाही, हे त्यांना समजत नाही. ते बांधावर उभे राहून विचार करतात, तेवढ्यात कोणीतरी त्यांना गोळी घालतं. जीनत म्हणते, नानांना कुठेतरी घरात बसवा. झुंबरबाई म्हणतात, घरात ते आजवर कधी बसलेच नाहीत.