काकूंचा जबडा आणि माझ्यावरचा आळ

मी एक जुनी शिलाई मशीन आहे. मित्रांनो, कारखान्यातले मला फारसे आठवत नाही. तेलाचा वास आणि कानठळ्या बसवणारा गलका, एवढेच. माझे खरे आयुष्य सुरू झाले ते काकूंच्या घरी. कपाटाशेजारच्या कोपऱ्यात, एका बुटक्या टेबलावर त्यांनी मला ठेवले. "काकूंच्या शिलाईला नाव ठेवायला जागा नाही," असे लोक म्हणत, तेव्हा माझ्याही अंगावर मूठभर मांस चढे.

पण त्या कोपऱ्यात उजेड कमी. गडद कापडावरचा गडद दोरा दिसावा म्हणून काकू पुढे वाकत. वर्षागणिक त्यांचे डोके माझ्या सुईच्या जवळ येत गेले. मान ताणलेली, दात घट्ट आवळलेले. सुई त्यांना लागेल, अशी मला सारखी धास्ती वाटे.

मग तो आवाज सुरू झाला. कट्. थोड्या वेळाने पुन्हा कट्. काकूंनी मला तेल घातले, पट्टा बदलला, तरी तो थांबेना. शेवटी मेकॅनिक आला. त्याने माझा एकेक भाग सुटा करून फडक्यावर मांडला. मी जीव मुठीत धरून होते. काकूंनी त्याला चहा दिला, स्वतः टोस्टचा तुकडा चावला, आणि आवाज आला. कट्!

मेकॅनिक दचकला. "अहो काकू, मशीन तर इथे सुटी पडलीय. आवाज तुमच्या तोंडातून येतोय!"

"म्हणजे तेल मलाच घालायला हवं होतं," काकू हसून म्हणाल्या.

सगळे हसण्यावारी गेले. पण एका सकाळी जांभई देताना त्यांचा जबडा अडकला. बोटभरही तोंड उघडेना. कानापुढे ठणका लागला. काकांची दृष्टी गेल्यापासून काकू त्यांना रोज वर्तमानपत्र वाचून दाखवत. त्या दिवशी काका खुर्चीत वाट पाहत बसले.

"अगं, आज बातम्या नाहीत का?"

काकूंनी नुसता त्यांचा हात दाबला. मला ते पाहवेना.

सून त्यांना दातांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. आल्यावर तिने काकांना सांगितले, "दात चांगले आहेत, बाबा. जबड्याचा सांधा दुखावलाय. आई दात आवळतात, आणि तासन्‌तास डोकं पुढे काढून बसतात. मानेचे स्नायू ताणले की जबड्यालाही ओढ बसते म्हणे."

"मग शिवण बंद?"

मी गारच पडले. आता माझी रवानगी भंगारात!

"बंद कशाला? मशीन उंच करू."

सुनेने टेबल खिडकीशी ओढले, पायांखाली लाकडी ठोकळे घातले. व्यायाम शिकवायला एक ताई येऊ लागल्या. हनुवटी हळूच मागे, दात सुटे, खांदे सैल.

काकू वैतागल्या. दात न उघडताच पुटपुटल्या, "मी काय फोटो काढायला बसलेय?"

तरी त्यांनी नेट धरला. कित्येक दिवस मऊ भात, कोमट शेक आणि अधूनमधून उठून फेऱ्या. जबडा हळूहळू सुटू लागला. मग एका सकाळी त्यांनी वर्तमानपत्र डोळ्यांसमोर उंच धरले आणि एक मथळा वाचला. कानापुढे हात ठेवून थांबल्या.

"सावकाश गं," काका म्हणाले. "पेपर कुठे पळून जातोय?"

काकूंनी दुसरा मथळा वाचला. काकांनी डोळे पुसले.

मित्रांनो, माझा भाग झिजला तर दुकानात नवा मिळतो. तुमचे तसे नाही. हे वाचताना तुमची मान कुठे आहे? दात आवळलेले आहेत का? पुस्तक जरा वर उचला पाहू. मी थांबते.